त्या वर्गाचा नेम

आमच्या गावातल्या दूध सोसायटीच्या खोलीत बायकांचा साक्षरतेचा वर्ग भरायचा. तो मी चालवत होतो. त्या वर्गाबद्दल पुढं माझं बरंच कौतुक झालं. कळंबला एका कार्यक्रमात मला शाल दिली, आणि या गुरुजींनी बायकांवर काही लादलं नाही, त्यांनाच विचारून वर्गाची उद्दिष्टं ठरवली, असं भाषणात सांगितलं गेलं. ते खोटं नव्हतं. मीही नंतर शिक्षकांच्या बैठकांमधून तो किस्सा अनेकदा सांगितला. पण सांगताना दरवेळी अर्ध्यावर थांबलो. ज्यांची अब्रू जाईल असं म्हणून मी थांबत होतो ती माणसं आता राहिलेली नाहीत. माझी अब्रू तेवढी उरली आहे, आणि या वयात ती सांभाळून करायचं काय, म्हणून पुढचं अर्धं लिहितो.

मोठ्या दुष्काळानंतर लगेच माझी त्या गावात बदली झाली. कळंब आणि वाशीच्या मधल्या माळावरचं गाव. दुष्काळी कामावर खडी फोडून बायकांच्या तळहाताला पडलेले घट्टे अजून गेले नव्हते. शेतावर कुणाचाच भरवसा राहिला नव्हता. त्यातून दूध सोसायटी निघाली आणि ज्याच्या त्याच्या तोंडी म्हशीचं नाव झालं. म्हैस घ्यायची तर कर्जाचं प्रकरण मंजूर व्हायला पाहिजे, आणि प्रकरण मंजूर व्हायला कुणाचा तरी शब्द पाहिजे.

त्यानंतर आणीबाणीचे दिवस आले. आम्हा शिक्षकांना नसबंदीच्या माणसांचं उद्दिष्ट ठरवून दिलं. त्या माणसांना ‘केस’ म्हणायचे. केस दिली नाही तर पगार अडायचा. माझाही अडला. घरी बायकोचे दिवस भरत आले होते. हे मी सबब म्हणून सांगत नाही, नुसतं होतं तसं सांगतो.

गावात एक जवान गडी होता. लग्नाला थोडेच दिवस झालेले. बायको पंचमीसाठी माहेरी गेलेली. तो रोज सोसायटीच्या दारात येऊन बसायचा आणि आपल्या प्रकरणाचं काय झालं ते विचारायचा. मी त्याला बाजूला घेतलं. नसबंदी केलेल्यांची प्रकरणं आधी होतात, असं त्याला सांगितलं. ते खरंच होतं.

तो म्हणाला, “पर गुर्जी, मला अजून लेकरूच न्हाय.”

“अरे, त्यात कापून टाकत नाहीत काही. गाठ मारतात. दोऱ्याची.”

“आन् मग?”

“मग काय? पाहिजे तेव्हा सोडवून घ्यायची.”

 मग त्यानं दोन बोटं एकमेकांत अडकवून दाखवली. “दाव्याला मारतो तशी? सुरगाठ?”

मी म्हणालो, “हां. तशीच.”

गाठ सोडवता येते की नाही, हे मला माहीत नव्हतं. मी कुणाला विचारलंही नव्हतं. त्याच्या बोटांचा आकार मला सोयीचा वाटला, म्हणून मी हो म्हणालो. नसबंदीच्या शिबिरात कारकुनानं मुलं किती म्हणून विचारलं, तेव्हा त्या गड्यानं माझ्याकडं बघितलं. उत्तर मीच दिलं. दोन म्हणालो. कारकुनानं मान वरही केली नाही.

घरी त्यानं बैलानं लाथ मारली म्हणून सांगितलं आणि चार दिवस पडून राहिला. माझा पगार सुटला. त्याची म्हैस आली. चांगली होती म्हैस, बाजारातून आणली तेव्हा लोक बघायला गेले होते. पंचमीहून परतलेल्या बायकोनं तिला ओवाळून आत घेतली.

काही वर्षं गेली. सरकार बदललं, ते दिवस सरले, लोक त्यावर विनोद करू लागले. सोसायटीत दूध घालायला बहुतेक बायकाच यायच्या, म्हणून त्यांच्यासाठी वर्ग काढायचं ठरलं. मला प्रशिक्षणाला उस्मानाबादला पाठवलं, आताच्या धाराशिवला. तिथं शिकवणारे गृहस्थ फार तळमळीचे होते. ते म्हणाले, पहिल्या दिवशी फळ्यावर अक्षर काढूच नका. प्रौढ माणूस पाटी कोरी घेऊन येत नाही. त्याला काय पाहिजे ते विचारा आणि वर्गाचं उद्दिष्ट सगळ्यांनी मिळून ठरवा. मला ते मनापासून पटलं. एसटीत बसून येताना मी ते वाक्य मनात घोळवत होतो.

दुपारची वेळ. सकाळचं दूध गेलेलं, संध्याकाळचं यायचं होतं. धुतलेले कॅन भिंतीला उपडे घातलेले आणि खोलीत आंबूस वास. बायका तरटावर दाटीनं बसल्या होत्या. पुढं एक वयस्क बाई होत्या, त्यांना सगळं गाव आत्या म्हणायचं. मागच्या बाजूला बौद्धवाड्यातल्या तिघीचौघी होत्या. आणि दाराजवळ, पदर दातात धरून, त्या गड्याची बायको बसली होती. ती येईल असं मला वाटलं नव्हतं.

मी घसा साफ केला आणि म्हणालो, “आज आपल्याला सगळ्यांनी मिळून उद्दिष्ट ठरवायचं आहे.”

 मग आत्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. “उठा गं,” त्या म्हणाल्या. “उद्दिष्ट आलं परत.”

सगळ्याच उठल्या. कुणी चपला शोधू लागली, कुणी कडेवर पोर घेतलं. आत्या मला म्हणाल्या, “गुर्जी, मागल्या बारीला गडीमानसं नेली गाडीत घालून. आता बायका न्यायच्यात व्हय? आन् त्यासाठी हे तरट टाकलं?”

माझ्या तेव्हा ध्यानात आलं. त्या गावात उद्दिष्ट या शब्दाला एकच अर्थ होता, आणि तो आम्हीच त्याला दिला होता. मी तसं नाही, तसं नाही म्हणत राहिलो. कुणी ऐकेना. तेवढ्यात दाराजवळची ती बाई, जी उठलीच नव्हती, ती म्हणाली, “बसा की. ज्येंना लेकरं हायती त्येंनी भ्यावं. मला काय भ्या? माझं उद्दिष्ट देवानंच पुरं केलंय.”

बायका हसल्या. पोट धरून हसल्या आणि हसत हसत परत बसल्या. ती पण हसली. मीही हसलो.

हाच तो किस्सा. मी बैठकांत सांगायचो तेव्हा शिक्षकही असेच हसायचे, आणि एका निपुत्रिक बाईच्या हजरजबाबीपणानं वर्ग कसा वाचला म्हणून मान डोलवायचे. मी इथं थांबायचो. तिचं उद्दिष्ट देवानं पुरं केलेलं नव्हतं.

वर्ग बसला, पण शब्द बदलावा लागला. उद्दिष्ट नको तर काय म्हणायचं? आत्या म्हणाल्या, “नेम म्हना की. आमी तुळजापूरच्या आईला नेम धरतो तसा. एकदा धरला की पुरा करायचा.”

मागून बौद्धवाड्यातली एक म्हणाली, “आमच्यात देवाला नेम न्हाय, आत्या. आमी ठराव करतो.”

“ठराव पुढाऱ्यांचा असतो, बाई.”

“आन् नेम काय, देवीच्या भुत्याचा?”

थोडा वेळ जुंपली. शेवटी त्यांनीच तोड काढली. ज्या बाईला जे शिकायचं तो तिचा नेम आणि सगळ्यांनी मिळून जे पाळायचं तो ठराव. त्याच्याहून चांगली व्यवस्था मला प्रशिक्षणातही कुणी सांगितली नव्हती.

मग एकेक नेम निघाला. आत्यांना एसटीची पाटी वाचायची होती, कारण त्या एकदा तुळजापूरला म्हणून बसल्या आणि लातूरला उतरल्या होत्या. एकीला दुधाची फॅट किती लागली ते चिठ्ठीवरून कळायला पाहिजे होतं. ठराव म्हणणारीला पुण्याला कामाला असलेल्या भावाला स्वतःच्या हातानं पत्र लिहायचं होतं, कारण दुसऱ्याकडून लिहून घेताना नवऱ्याबद्दलचं काही सांगता येत नव्हतं. त्यावर पुन्हा हशा झाला. मी सगळं फळ्यावर लिहीत होतो.

तिची पाळी आली. ती खाली बघत म्हणाली, “सोलापूरच्या डाक्टरीनबाईनं मला तपासलंय. कागद दिलाय, त्यो सासूच्या पेटीत हाय. घरात म्हनत्यात, तुझ्यात खोट हाय असं त्यात लिवलंय. ते मला वाचायचं.”

आता कुणी हसलं नाही. तिच्या सासूनं मुलाचं दुसरं लग्न करायचं काढलंय, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तो विषय लगनसराईवर येऊन थांबला होता. त्याच्या आत तिला तो कागद वाचायचा होता.

मी फळ्यावर लिहिलं: दवाखान्याचा कागद वाचणे. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं. 

नंतर ठरावांचं निघालं. वेळेवर यायचं, दुसरीच्या चुकीला हसायचं नाही, असं काहीबाही ठरलं. शेवटी आत्या म्हणाल्या, “आजूक एक घ्या. जिला जे येतंय, जे ठाव हाय, ते तिनं दुसरीला सांगायचं. दाबून ठिवायचं न्हाय. गुर्जी, तुमीबी आलाव बरं का त्यात.”

सगळ्यांनी हात वर केले. मीही केला.

तिचा नेम मी त्याच दुपारी, त्याच तरटावर, एका वाक्यात पुरा करू शकलो असतो. त्याऐवजी मी तिला अक्षरं शिकवायला लागलो.

ती झटून शिकली. पेन्सिल इतकी दाबायची की मोडायची. दुसऱ्याच आठवड्यात म्हणाली, “गुर्जी, बाकीचं मागनं शिकीन. आधी ‘खोट’ काढून द्या. तेवढं वळखू आलं तरी बास.” मी तिच्या पाटीवर ‘खोट’ लिहून दिलं. ते तिनं पुसलं नाही, पाटीच्या दुसऱ्याच बाजूवर लिहीत राहिली. मग जिथं छापील काही दिसेल तिथं ती तो शब्द शोधायची. रेशनच्या दुकानातल्या फळीवर, पेंडीच्या पोत्यावर, मिठाच्या पुडीच्या कागदावर. एकदा धावत आली, हातात रद्दीचा तुकडा. त्यात ‘खोटी बातमी’ असं होतं. “हे न्हाय का?” मी म्हणालो, ते वेगळं. ती ओशाळली आणि कागदाची घडी करून घेऊन गेली.

सोलापूरचे डॉक्टर कागद इंग्रजीत लिहितात, हेही मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तेही मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग तुमीच वाचून दावा. आणि मला तो कागद हातात घ्यायचा नव्हता.

माघात मी तिच्या नवऱ्याला गाठलं. तो तलावावर म्हैस धुवत होता. पाणी इतकं आटलं होतं की म्हशीचं पोट तेवढं भिजत होतं. मी म्हणालो, घरी सांगून टाक. दुसरी करून काय होणार आहे?

तो म्हशीच्या पाठीवर पाणी मारत राहिला. “म्या सोलापूरला जाऊन आलो, गुर्जी. गाठ सोडा म्हनलो. डाक्टर हसला. म्हनला, असं कुनी सांगितलं?”

“तू काय सांगितलंस?”

“काय सांगनार? गप आलो.” मग तो पाण्यातून बाहेर आला. “आईला न्हाय म्हनलो तर कारन सांगावं लागतंय. ते सांगून गावात तोंड दावू व्हय? त्यापरीस करतो दुसरी. आन् तुमीबी बोलायचं न्हाय. शपथ हाय तुमाला.”

मी शपथ मानली. घरी जाताना मला बरं वाटत होतं, ते आता लिहिलं पाहिजे. त्याची अब्रू राखायची म्हणून मी गप्प बसणार, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मुलं दोन असं मी सांगितलेलं बाहेर आलं असतं तर माझी नोकरी गेली असती. त्यानं शपथ घातली नसती तर मीच त्याला ती घालायला लावली असती.

वर्गात एक रीत पडली होती. जिचा नेम पुरा झाला तिनं सगळ्यांसमोर उभं राहून तो करून दाखवायचा. आत्यांनी एसटी थांब्यावर जाऊन ‘कळंब’ वाचून दाखवलं होतं, आणि गूळ वाटला होता. भावाला लिहिलेलं पत्र मात्र बाईनं वाचून दाखवायला नकार दिला, नुसता पाकिटावरचा पत्ता दाखवला.

लगनसराई तोंडावर आली तेव्हा एका दुपारी ती उभी राहिली. चोळीतून कागद काढला. अनेक घड्या पडून तो कापडासारखा मऊ झाला होता. सासूच्या पेटीतून तिनं तो कसा मिळवला कोण जाणे. तिनं तो उलगडला, दोन्ही हातांनी ताणून धरला आणि बघू लागली. बघतच राहिली. ओठ हलत होते, पण शब्द येईना. तिनं कागद उलटा केला, परत सुलटा केला.

“गुर्जी,” ती म्हणाली, “ही कंची अक्षरं?”

आत्या पुढं झाल्या. “इंग्रजी हाय बया.” मग माझ्याकडं वळल्या. “गुर्जी, हिला आधी का सांगितलं न्हाय?”

मी हात पुढं केला आणि कागद घेतला. चार ओळी होत्या. सगळं व्यवस्थित आहे, आणि नवऱ्याला तपासणीसाठी घेऊन यावं, असा त्याचा अर्थ होता. घरी तो कागद कुणाला वाचता आला होता आणि त्यानं काय सांगितलं होतं, ते मला कधी कळलं नाही. कदाचित कुणीच वाचला नसेल.

मी म्हणालो, “तुझ्यात काही खोट नाही, असं लिहिलंय.”

खोलीत बायकांनी श्वास सोडला. कुणीतरी “आई भवाने” म्हणालं. पण तिचा चेहरा मोकळा झाला नाही. ती माझ्याकडं सरळ बघत होती, त्याआधी तिनं तसं कधी बघितलं नव्हतं.

“मग कुनात हाय?”

नवऱ्याला घेऊन या, ही शेवटची ओळ माझ्या अंगठ्याखाली होती. अंगठा मुद्दाम तिथं ठेवला होता का, हे मी आजपर्यंत स्वतःला विचारतो. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात आमचे ठराव खडूनं लिहिलेले होते, ते रोज कुणीतरी गडद करायचं. त्यातला शेवटचा माझ्याच अक्षरात होता.

मी म्हणालो, “कागदात एवढंच आहे.”

तिनं कागद परत घेतला. ती खाली बसली. मी फळा पुसून बेरजा घातल्या.

ती वर्गाला पुन्हा आली नाही. दुसरी आली, हिला माहेरी धाडलं. माहेर वाशीकडचं. भावाच्या घरी ती राहिली, रोजगार हमीच्या कामावर जायची असं कानावर यायचं. पाटी वर्गातच राहिली होती. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या बाईला दिली. देण्याआधी मी ‘खोट’ पुसलं. पुसायला पाणी लागलं.

दुसरीलाही मूल झालं नाही. गाव म्हणालं, पहिलीचा तळतळाट. त्या गड्यानं तेही ऐकून घेतलं. म्हातारपणी तो माझ्यासमोरून जाताना मान खाली घालायचा, आणि मी पण.

शाल मिळाली त्याच सुमाराची गोष्ट. मी कळंबच्या स्टँडवर गाडीची वाट बघत होतो. एक बाई एका म्हातारीला पाटी वाचून दाखवत होती. “ही न्हाय मावशी, ही बार्शीची. तुमची पल्याड लागलीय.” आवाजावरून ओळखलं. केस पांढरे व्हायला लागले होते. तिनंही मला बघितलं. म्हातारीला गाडीत बसवून ती माझ्याकडं आली आणि वाकून नमस्कार केला. मला तो घ्यावा लागला.

“बरं हाय का, गुर्जी?”

“बरं आहे. तू वाचतेस अजून.”

“मग? शिकलेलं कुठं जातंय?” ती जरा हसली. मग म्हणाली, “दुसरीलाबी झालं न्हाय. तवा माझं मलाच कळलं, कुनात हाय ते. माझा नेम असा पुरा झाला बगा.”

मी मान हलवली.

“तुमाला कवा कळलं, गुर्जी?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. कुणाला एसटीची वेळ विचारावी तसं तिनं विचारलं होतं. मला वाटतं तिला अंदाज होता, फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. माझी गाडी लागली होती, पण वाहक अजून चहा पीत होता. वेळ होता.

मी म्हणालो, “मला पण नंतरच कळलं.”

“व्हय,” ती म्हणाली.  “या मग.”

माझ्या अंगावर त्या दिवशी ती शाल नव्हती, घरी पेटीत होती. पण गाडीत बसल्यावर खांद्यावर काहीतरी जड असल्यासारखं वाटत राहिलं.

मला कधी कळलं, त्याचं उत्तर असं: वर्गात तू दाराजवळ येऊन बसलीस त्याच्या आधी. तू पंचमीला गेली होतीस तेव्हा. तुझी म्हैस आली त्याच्याही आधी. मुलं दोन, असं मी सांगितलं होतं. सुरगाठ आहे, असंही मीच सांगितलं होतं. तुझ्यात कधीच काही नव्हतं, आणि त्याच्यात जे झालं ते मी केलं होतं.

हे एका पोस्टकार्डात मावलं असतं. वाशीच्या वाटेवरच्या त्या गावचा पत्ता मला माहीत होता. मी पुष्कळ वर्षं मनात मजकूर जुळवत राहिलो, आणि मागच्या उन्हाळ्यात तिच्या भाच्यानं ती गेल्याचं सांगितलं. शेवटपर्यंत चष्मा लावून पेपर वाचायची, म्हणाला, एक ओळ सोडायची नाही.

तिला वाचता येत होतं. लिहायचं माझं राहिलं.